हौदातली माती

आमचे माळीकाका कुंडीतलं कोरडं ढेकूळ बादलीत भिजत टाकतात, तेव्हा त्यातून बराच वेळ बुडबुडे येत राहतात. मला ते बघवत नाही.

सोळाव्या वर्षी, मे महिन्यात, मी शिल्पकलेच्या निवासी शिबिराला गेले होते. निवडक, गुणी मुलांचं शिबिर. माझ्या खोलीतल्या वैदेहीने मातीत वडिलांचा चेहरा घडवला. ते आदल्याच हिवाळ्यात गेले होते.

शेवटच्या दिवशी सगळ्यांनी आपापलं काम पाण्याच्या हौदात सोडायचं, असा नियम होता. पुढच्या तुकडीला तीच माती मिळायची.

"सर, एवढं एक राहू दे ना," वैदेही म्हणाली.

"मोह सोडायला शीक, बाळ. हातात कला आहे तुझ्या, परत करशील." सर अगदी मायेने बोलले.

तिने तो चेहरा स्वतःच पाण्यात ठेवला. बुडबुडे थांबेपर्यंत मानेखालचा हात काढला नाही.

पुढच्या वर्षी ती आली नाही. मी गेले. त्याच हौदातल्या मातीचा मी घोडा केला. तो इतका जमला की सरांनी नियम मोडून भट्टीत भाजून घेतला. आमच्या दिवाणखान्यात आहे तो अजून. पाहुणे कौतुकाने त्याच्या मानेवरून हात फिरवतात.