काकडं

उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये लेबलं छापायच्या प्रेसमध्ये मी अकरा वर्षं काढली. ‘शुद्ध’, ‘असली’, ‘घरगुती’, ‘गावरान’ हे सगळे शब्द माझ्या हातांखालून गठ्ठ्यांनी गेले. सकाळी मधाच्या बाटलीचं लेबल, दुपारी मसाल्याचं. आत काय भरणार ते आम्ही विचारायचो नाही आणि गिऱ्हाईकही सांगायचं नाही. असं काम केलेल्या माणसाला खरं तर भाजी आणायला पाठवूच नये. मी कोथिंबिरीचासुद्धा वास दोनदा घेतो.

आई याच्या अगदी उलट. दारावर आलेल्या कुणाचंही तिला पटायचं. मला म्हणायची, “तुझं नाक संशयानंच लांब झालंय. अरे, माणसं काय सगळी चोर असतात?”

मोबाइलवर इनकमिंग नुकतंच फुकट झालं होतं, त्या सुमारास आईला मलेरिया झाला. ताप उतरला, पण गोळ्यांनी तोंडाची चव मारून टाकली. भाकरी कडू, वरण कडू, चहासुद्धा कडू. पंधरा दिवसांत तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, “मागेल ते द्या, पण पोटात गेलं पाहिजे. नाहीतर ॲडमिट करावं लागेल.” सरळच सांगतो, माझी फाटली होती. आणि आई काही मागेचना. शेवटी एका शनिवारी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “शेवळं मिळाली तर बघ रे.”

शेवळं म्हणजे रानभाजी. पावसाळा लागला की रानात जमिनीतून वर येणारे जांभळट कोंब. आईचं माहेर मुरबाडकडचं, ती लहानपणापासून खात आलेली. मी फक्त ताटात वाढलेली पाहिलेली. माझी बायको घाटावरची, तिने तर नावही ऐकलं नव्हतं.

रविवारी सकाळी आईला खालच्या सिंधी काकींच्या भरवशावर ठेवून आम्ही दोघं माझी सेकंडहँड मारुती घेऊन निघालो. अंबरनाथ पूर्वेला भाजीवाला म्हणाला, “साहेब, एकदम गावठी माल.” मी म्हटलं, “कुठल्या गावचा?” तो म्हणाला, “वाशी मार्केटचा.” घ्या! चिखलोलीच्या अलीकडे रस्त्याला लागून हिरवागार पालक डुलत होता. बायको खूश झाली. मी गाडीतून उतरलो, पालकाच्या मागे जाऊन पाइप कुठून येतो ते बघितलं, नाल्यातून येत होता, परत येऊन बसलो. बदलापूर स्टेशनबाहेर एकाकडे शेवळं होती, पण कोंब मऊ पडलेले आणि वर पाणी मारलेलं. मी नाक लावलं. तो वैतागला, “सूंघना है कि लेना है?”

“घ्या ना आता,” बायको म्हणाली.

“कालची आहेत. वरून अंघोळ घातलीय.”

“चोराच्या मनात चांदणं,” ती म्हणाली. “स्वतः आयुष्यभर लेबलं चिकटवलीत ना, म्हणून.”

गाडी बारवी धरणाच्या रस्त्याला घातली.

अर्ध्या तासाने एका सागाखाली एक म्हातारी टोपली घेऊन बसलेली दिसली. टोपलीत शेवळं, मुळांना ओली माती तशीच. मी गाडी थांबवली तर तिनेच आम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “जागा बघाया आलाव?” तेव्हा त्या बाजूला गाडीतून उतरणारा प्रत्येक माणूस जागाच बघायला यायचा. मी म्हटलं, “नाही मावशी, भाजी घ्यायला.” तिला ते पटलेलं दिसलं नाही. मलाही तिचं कुठे पटलं होतं? कुठून आणली, कधी काढली, किती वेळ झाला, सगळं विचारून घेतलं. सहा जुड्या घेतल्या.

मग तिने शेजारच्या फडक्यातून छोट्या आवळ्यांसारखी हिरवी फळं काढली. “काकडं घे, दादा. नायतं घसा खाजंल.”

मी मनात म्हटलं, आली लाइनीवर. एक विकलं की दुसरं गळ्यात मारायचं, आमच्याकडे बाजारात हेच चालतं. “नको. फक्त भाजी दे.”

“अरं, घे रं.”

“नको म्हटलं ना!”

माझी पिशवी ओढून घेऊन तिने जुड्या भरल्या आणि तोंड बांधून दिली.

घरी बायकोने पिशवी उलटी केली तर तळाशी ओंजळभर काकडं. म्हातारीने ती फुकट घातली होती. मला काय वाटावं? “बघ, पिशवी भरलेली दिसावी म्हणून कच्ची फळं कोंबली,” मी म्हणालो. जुड्या मी मोजून घेतल्या होत्या, पिशवी कशी दिसते याच्याशी तिला काय करायचं होतं? पण संशय शिरला की डोकं चालत नाही. काकडं मी कचऱ्याच्या डब्यात टाकली. बायकोने नेहमीच्या पालेभाजीसारखी फोडणी देऊन सुकट घालून भाजी केली.

वास आला तशी आई उठून बसली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा, स्वतःहून. ताट मांडीवर घेतलं आणि घास मोडता मोडता विचारलं, “काकडं टाकलीत ना रे?”

तेव्हा मला म्हातारीचं ‘घसा खाजंल’ आठवलं. तिने आधी सांगितलं नव्हतं, कारण तिच्या लेखी शेवळं म्हटली की काकडं आलीच, आमटीत मीठ घाल म्हणून कोण सांगतं? नाही म्हणालो तर ती ताट बाजूला सारणार. आणि एवढ्याशा फळाने काय होतंय!

“टाकली ना,” मी म्हणालो.

आईने चार घास खाल्ले. डोळे मिटून खाल्ले. मी बघतच राहिलो, इतका आनंद झाला मला. पाचव्या घासाला तिचा हात गळ्याकडे गेला.

मग गूळ झाला, चिंचेचं पाणी झालं, सिंधी काकी दही घेऊन धावत आल्या. आई घसा खाजवून खाजवून रडकुंडीला आली. मी घरभर येरझाऱ्या घालत होतो. ताट तसंच पडलं होतं.

संध्याकाळी खाज उतरली, आवाज बसला. मी जवळ गेलो तर तिने माझा हात धरला.

“बाई लबाड निघाली रे,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. “काकडं म्हणून भलतंच काहीतरी दिलं तिनं तुला. तू म्हणतोस तेच खरं. कुणावर विश्वास ठेवायची सोय राहिली नाही.”

बायको दारात उभी होती. तिच्या हातात कचऱ्याचा डबा होता, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

“हो ना,” मी म्हणालो.