तांदळावरचं नाव
परवा मुरुडला नात्यातल्या एका लग्नात ताटात तांदूळ पसरले, नवरदेवानं त्यावर अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहिलं, आणि मला लातूरच्या आमच्या घरातली एक दुपार आठवली. लग्नानंतर ताई पहिल्यांदाच माहेरी आली होती. सोबत दाजी होते आणि त्यांच्या भावानं मोबाइलवर काढलेला लग्नाचा व्हिडिओ. खिडकीतून डाळमिलच्या भुशाचा वास येत होता. मी फाईल लॅपटॉपवर एडिटिंगला घेतली तर सनई ऐकू येत होती, चित्र मात्र काळंकुट्ट. दाजींनी फाईलच्या नावातली शेवटची अक्षरं बदलली आणि म्हणाले, “आता चालंल बघा.” पडदा काळाच राहिला. यातलं मला चांगलं कळत होतं, म्हणून जावयाचा मान जरा बाजूला ठेवून मी सांगून टाकलं, “दाजी, नाव बदलून काय होत न्हाई. आत जे हाय, ते तेच राहतंय.” मग मी फाईल कन्व्हर्टला लावली. लॅपटॉपचा पंखा घरघरत राहिला, आईनं चहा आणला, आणि शेवटी चित्र उमटलं ते नेमकं त्याच जागी: ताट, तांदूळ, अंगठी, ताईचं नवं नाव. ताईनं व्हिडिओ तिथंच थांबवला आणि मला म्हणाली, “मगाशी काय म्हणलास, ते ह्यांच्यासमोर आणिक एकदा सांग.” मी तोंड उघडायच्या आत दाजींनी लॅपटॉप जवळ ओढला आणि तांदळावरचं ते नाव पुन्हा वाचलं. परवा मुरुडला मांडवभर सासरची माणसं बसलेली असताना दाजींनी ताईला जेवायला हाक मारली, ती माहेरच्या नावानं.