लख्ख दिवा की स्पीकर

हा लेथवाला यंत्रावर धातू कातताना अर्धा स्वप्नातच असे, आणि त्यात त्याचं कधी काही बिघडत नसे. या वेळी मात्र बिघडलं.

तलवार थोरल्या बहिणीसाठी होती. लहानपणी दोघांनी सिनेमात पाहिलेली, उजेडाचं पातं असलेली. तशीच हुबेहूब करून देतो, असं तेव्हा त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं आणि संसाराच्या रगाड्यात सोयीस्कर विसरलाही होता. आता ताईची नजर जात चालली. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा त्याला दिलेला शब्द आठवला.

मुठीसाठी अ‍ॅल्युमिनियमचा दांडा लेथवर चढवला. चकचकीत वळ्या सुटत राहिल्या आणि गड्याची तंद्री लागली. आतली पोकळी आधी करायची, हे कुणीही शिकाऊ सांगेल. याने आधी बाहेरच्या खोल खाचा कोरल्या, कारण त्या देखण्या. मग आत जागा उरली जेमतेम. आणखी पोखरावं तर खाचेतून आरपार भोक.

"लख्ख दिव्याला जाड बॅटरी लागते," मुठीत दिवा आणि आवाज बसवून देणारा रेडिओ दुरुस्तीवाला म्हणाला. "ती घातली की स्पीकरला जागा नाही. स्पीकर हवा तर बारकी बॅटरी आणि मिणमिणता उजेड. काय घालू?"

त्याने टेबलावरचा, स्पीकर जोडलेला सर्किट बोर्ड हलवला. सिनेमातली तलवार फिरवताना घुमते तसा स्पीकर घुमला, घूंऽऽ. लेथवाल्याला वाटलं, ताई अंधारात बसलीय आणि हा आवाज तिच्याभोवती सावकाश फिरतोय.

"स्पीकर," तो म्हणाला.

घरी ताईला सांगितलं, तर ती म्हणाली, "छोट्या, मला विचारायचंस तरी. अजून दिसतंय की मला."

"किती दिवस?" तो बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

ताई रागावली नाही. "म्हणूनच म्हणते. लख्ख दिवा घाल. आवाज मी तोंडाने काढीन."

तलवार तयार झाली. बटण दाबताच खोली निळी झाली, भिंती जणू पाण्याखाली गेल्या. ताई घूंऽऽ करत तलवार फिरवू लागली. मध्येच खोकायची, हसायची, पुन्हा सुरू. लेथवाला खुळ्यासारखा बघत राहिला.

मग ती थांबली. जवळ आली आणि तिने पातं त्याच्या चेहऱ्याशेजारी धरलं.

"हलू नकोस," ती म्हणाली. "तुला नीट बघून घेते."