मोठ्या अक्षरांच्या ताई

दोन्ही हात टेबलावर आपटून "आधी ठरवा, मग लिवा!" अशी ताईंनी आरोळी ठोकली, की आमच्या बारामतीच्या ऑफिसात चहाचे कप जागच्या जागी थांबायचे. भाजी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांसाठी आम्ही ॲप बनवत होतो आणि ताई आमच्या प्रमुख. शेळगावच्या, खणखणीत आवाजाच्या.

प्रोग्राम लिहिताना त्यातल्या प्रत्येक गोष्टीला जे इंग्रजी नाव द्यावं लागतं, त्या नावांवर त्यांचा भारी जीव. ओटीपी, जीपीएस, एसएमएस अशी आद्याक्षरं नावात आली की सगळी कॅपिटलच हवीत, हा त्यांचा हट्ट. आम्ही म्हणायचो, फक्त पहिलं कॅपिटल ठेवू, SMS ऐवजी Sms, वाचायला बरं दिसतं.

"दिसायला त्याला काय बोहल्यावर उभं करायचंय?"

अशा माणसाशी वाद घालण्यातही मजा असते, तुम्हीही अनुभवलं असेल. हसण्यावारी विषय राहून जायचा आणि जो तो आपापल्या मनासारखं लिहायचा.

मग ॲप सुरू करायला पहिलं गाव ठरलं, शेळगावच. भाजीची गाडी पहाटे निघाली की शेतकऱ्यांना एसएमएस जाणार होता. ताईंच्या वडिलांनी, आबांनी, मेसेज येणारच असा सगळ्यांना शब्द दिला होता. पहिली गाडी निघायच्या आदल्या दुपारी आम्ही चाचणीचा मेसेज सोडला. थोड्या वेळाने आबांचाच फोन आला.

"पोरी, कुणालाच काय आलं न्हाय. लोकं म्हणत्यात, काढून टाकू ह्ये ॲप."

ताईंचा चेहरा उतरला. शोधलं तर काय? एका ठिकाणी नाव ताईंच्या पद्धतीचं, दुसरीकडे आमच्या. संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावं, म्हणून मेसेज गेलाच नव्हता.

आता ताई आपलंच खरं करणार, असं आम्ही धरून चाललो होतो. पण कुठली पद्धत ठेवायची, यावर त्यांनी हात वर करायला लावले. त्यांच्या बाजूने एकच हात, त्यांचा.

"व्हय? मग तुमचंच. माझं खरं व्हायला नगं, समद्यांचं एक व्हाया पायजे."

आणि स्वतःची लाडकी कॅपिटलं त्या स्वतःच लहान करत बसल्या. मला त्यांचा इतका अभिमान वाटला!

उजाडताना आम्ही सगळे फोनला चिकटलो होतो. "आलं गं, आलं! समद्यांचं वाजलं!" आबा ओरडले, आणि आम्ही अक्षरशः नाचलो. ताईंनी टेबल बडवून बडवून हात लाल केले.

पुढे ताई नोकरीसाठी परगावी गेल्या. परवा फोन आला, मी स्पीकरवर टाकला.

"हितं समदी कॅपिटल लिवत्यात! माझंच खरं!" आणि मग जरा हळू, "पण बोटं अजून तुमच्यावानीच लिवत्यात बघा."

चहाचे कप जागच्या जागी थांबले.