नानांची दोन सीटची गाडी

सुटी केलेली जुनी गाडी पुन्हा जोडली की चार नटबोल्ट उरतातच. आमच्या शेडमध्ये त्यांच्याबरोबर किस्सेही उरले. नटबोल्ट निदान एका डब्यात मावले!

शेड म्हणजे भूगावला नानांच्या बंगल्यामागचा पत्रा. आत त्यांच्या वडिलांची उघड्या टपाची विलायती रोडस्टर. पंच्याहत्तरीच्या नानांचा एकच हट्ट, "आमच्या हिला, तुमच्या काकूंना, शेजारी बसवून मुळशी धरणापर्यंत न्यायचंय. आणि गाडी मी चालवणार!" आम्ही हिंजवडीचे तीन डिझाइन इंजिनिअर दर शनिवारी तिथे पडीक. रोज येऊन खरं काम करणारे मात्र जवळच्या रिहे गावचे बबनमिस्त्री.

* * *

पहिल्याच शनिवारी चाक काढायला घेतलं. तारांचे स्पोक, मधोमध एकच मोठा नट. तो तांब्याच्या हातोडीनं ठोकून फिरवायचा. आम्ही तिघं तासभर ठोकून घामाघूम झालो.

बबनमिस्त्री डबा खाऊन आले, जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "सायब, काढताय का बसवताय?"

त्या बाजूचे आटे उलटे होते! आम्ही नट असा काही आवळून ठेवला होता की तो सोडवायला पुढचा शनिवार गेला.

* * *

मग मी ऑफिसातल्या ओळखीनं थ्रीडी स्कॅनर आणला. उजवं मडगार्ड डाव्यापेक्षा सहा मिलिमीटर फुगीर निघालं. मी मोठ्या अभिमानानं कॉम्प्युटरवर चूक सुधारली आणि नवं मडगार्ड करून आणलं. ते काही केल्या बसेना.

"हातानं ठोकलेली गाडी हाय ही," बबनमिस्त्री म्हणाले. "डावं एकानं ठोकलं, उजवं दुसऱ्यानं. दोन बायांची भाकर सारखी असती व्हय?"

माझं मडगार्ड आता काकूंच्या बागेत आहे. त्यात पुदिना छान येतो.

* * *

एकदा नाना बॉनेटवरून हात फिरवत लांबीचं कौतुक सांगत होते. चहा घेऊन आलेल्या काकू म्हणाल्या, "एवढी लांबलचक गाडी, आणि बसायला दोनच माणसं? कुणी डिझाइन केली हो?"

"ज्याला सासुरवाडीची कटकट नको होती त्यानं!" नाना म्हणाले.

त्या दिवशी नानांना चहा मिळाला नाही.

* * *

शेवटी गाडी तयार झाली, आणि नेमका नानांचा डावा खांदा आखडला. गिअरचा दांडा मधोमध, भलताच जड. खर्रर्र आवाज न होता पहिला गिअर आमच्यापैकी एकालाही कधी पडला नव्हता. "सोपा गिअरबॉक्स बसवू," असं मी कितीदा सुचवलं होतं. पण नानांचं ठरलेलं, "मूळ डिझाइनला हात लावायचा नाही!"

आता चालवायला आमच्यातला कुणी बसला, तर नाना किंवा काकू, एकानं घरीच राहायचं. नाना स्टिअरिंग धरून बसले होते. डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं.

काकू आल्या, दार उघडून शेजारी बसल्या. "तुम्ही क्लच दाबा. गिअर मी टाकते."

"अगं, हे काय लोणचं ढवळणं आहे?"

"दाबा म्हणते ना!"

नानांनी दाबला. पहिला गिअर पडला. आवाज नाही. फाटकापाशी दुसरा. वळणावर तिसरा, अगदी अलगद. गाडी पौड रस्त्याला लागली.

आम्ही तिघांनी एकदम बबनमिस्त्रींकडे पाहिलं. ते फडक्याला हात पुसत होते.

"माझ्याकडं बघू नका," ते म्हणाले. "काकूंनी शपथ घातलीया!"