आमटीच्या आधीचं मागणं

"हात आवरा रे. मागणं व्हायचंय अजून."

असं म्हणून मावशी आमटीच्या टोपावर झाकण ठेवायच्या, डोक्यावर पदर घ्यायच्या आणि डोळे मिटायच्या. बिरवाडीत भाड्याच्या एका खोलीत त्यांची खाणावळ होती. आम्ही कंपनीतले कामगार समोर रिकामी ताटं घेऊन बसलेले. मी जालन्याकडचा, आठवीतून शाळा सोडलेला. इथं माझं कुणी नव्हतं, म्हणून निमूट बसायचो. बाकीचे भुकेपायी बसायचे.

मावशी ख्रिस्ती. जगात कुठं त्यांच्या लोकांना छळलं, कुठं चर्च जाळलं, ते त्यांच्या प्रार्थनेच्या मंडळीकडून मोबाईलवर यायचं. मग जेवणाआधी त्यांच्यासाठी मागणं.

"सुदानच्या लेकरांना सांभाळ, बापा. त्यांना मारणाऱ्यांचं मन वळव. त्यांच्या पण आया घरी वाट बघत असतील."

मी एकदा विचारलं, "मावशी, सुदान कुठं आलं?"

"मला काय ठावं? ज्याला सांगते त्याला म्हायती हाय."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सगळ्या जगाची काळजी करतात आणि आपल्या चपलेचा अंगठा तुटलाय हे त्यांना दिसत नाही. मला कावीळ झाली तेव्हा मावशींनी माझं बिनतेलाचं वेगळं शिजवलं, सुदानच्या पाठोपाठ माझं नाव घेतलं आणि डॉक्टरकडेही नेलं. सगळं देवावर टाकून बसायची त्यांची रीत नव्हती.

रविवारी त्या खोलीत चार बाया प्रार्थनेला जमायच्या. बरीच वर्षं कुणाला त्याचं काही नव्हतं. मग हवा बदलली. एका सुट्टीच्या दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो, तेवढ्यात काही तरुण दारात आले. इथं धर्म बदलतात, म्हणाले. त्यातल्या एकानं मलाच गाठलं.

"काय रे, तुझ्यावर जबरदस्ती होते का?"

मी म्हटलं, "होते. नको म्हटलं तरी एक भाकरी जास्त वाढतात."

कुणी हसलं नाही. मीही गंमत करत नव्हतो.

"उन्हातनं आलाव, बसा," मावशी त्यांना म्हणाल्या. "मागणं झालं की वाढते."

ते उभेच राहिले. मावशींनी डोळे मिटले. सुदान झालं, आणखी कुठला देश झाला. स्वतःसाठी एक शब्द नाही. तरुण धमकावून गेले.

मी म्हटलं, "मावशी, आज तरी आपलं नाव घ्यायचं होतं."

"आपल्याला काय झालंय? जेव. भात गार होतोय."

संध्याकाळी खोलीचा मालक आला. माणूस वाईट नव्हता. खाली बघत म्हणाला, "खाणावळ चालवा, मावशी. फक्त ते मागणं मनातल्या मनात करा. नायतर खोली सोडा."

मावशींनी खरंच विचार केला. मग म्हणाल्या, "मनातल्या मनात नाय जमायचं. तिकडं लोकं वरडून मरतायत."

त्या पोलादपूरला बहिणीकडे निघाल्या. टोप, परात, पाट मी टेम्पोत चढवले. मालकही गॅसची शेगडी उचलू लागला.

"माझ्यावर रागवू नका, मावशी," तो म्हणाला.

"राग कसला? तुमच्यासाठी पण मागणं करीन. तुम्हाला तर इथंच ऱ्हायचंय."

टेम्पो गेला. मालक आणि मी तिथंच उभे.