न मोजलेली बटणं

समोरचा माणूस "माझं कोणी नाही हो" म्हणाला की आमच्या मॅडम पिशवीतून बटणं काढत. उल्हासनगरच्या कारखान्यातून वजनावर आणलेली जीन्सची बटणं. पितळी म्हणजे इथली माणसं, चंदेरी म्हणजे देशाबाहेरची. ती लादीवर ओतायची, मधोमध एक मोठं बटण ठेवायचं आणि म्हणायचं, "हे तुम्ही. आता सांगा, अडचण आली तर पहिला फोन कोणाला? त्याला जवळ ठेवा." बटण ठेवून हात मागे घेतला की लगेच, "आणि त्यानंतर?"

कोणी नसलेल्यांचीही लादी बघता बघता भरून जाई. तुम्हीही करून बघा.

मॅडम आमच्या बदलापूरच्या सोसायटीत, आमच्याच डोक्यावरच्या घरात भाड्याने राहायला आल्या. इथून आखाती देशांत कामाला गेलेली माणसं, त्यांच्या घरचे, तिथले मालक आणि मित्र, हे सगळे दोन देशांत राहून एकमेकांना कसे धरून असतात, हा त्यांचा अभ्यास. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात माल तपासणीला होतो आणि नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतली होती.

"काका, मांडलेल्या बटणांचे मी फोटो काढते. ती मोजून तक्ते कराल?"

"करीन. पण दोनदा मोजीन."

"म्हणून तर तुम्हाला विचारलं."

आमची ही म्हणाली, "लोकांना काय सांगू? नवरा घरी बसून बटणं मोजतो?"

"काकू, सांगा की आंतरराष्ट्रीय काम आहे," मॅडम गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या.

त्यांचा एक नियम होता, "इकडचं तिकडे नाही." एका घरात ऐकलेलं दुसऱ्या घरात जायचं नाही. हिने एकदा चहाबरोबर सहज विचारलं की शेजारच्या विंगमधला मुलगा दुबईत नक्की करतो काय? मॅडमनी हसून आणखी चिवडा मागितला.

या नियमाची परीक्षा आली ती बदलापूरजवळच्या चामटोली गावात. एव्हाना मीही मॅडमबरोबर घरोघरी जाऊ लागलो होतो.

त्याआधीच्या आठवड्यात आम्ही उल्हासनगरला एका सिंधी भाभींकडे गेलो होतो. पापड आणि पाणी पुढे करून भाभींनी झपाझप बटणं मांडली. एक चंदेरी त्यांच्या भावाचं, त्याचं शारजात कापडाचं दुकान. त्याच्या शेजारी आणखी एक. "ये चामटोली का लड़का है, दुकान में काम करता है. बेचारा गोदाम की सीढ़ी से गिरा. चेहरे पे टाँके. फोन बंद करके बैठा है, बोलता है माँ देखेगी तो रोएगी."

आणि आता चामटोलीत त्याच मुलाची आई आमच्यासमोर बसली होती. तिने सगळी बटणं मांडली, एक मात्र मुठीत धरून ठेवलं. चंदेरी.

"मावशी, हे कुठे?" मॅडमनी विचारलं.

"माजा पोरगा हाय यो. दर रविवारी फोन करायचा. मी बोलायची, तोंड दाखव. आता फोनच बंद हाय. कुठं ठेवू याला? हाय का नाय, तेच मला ठाव नाय."

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी मावशींच्या मुठीवर क्षणभर हात ठेवला आणि पिशवी आवरली.

बाहेर येताच मी म्हटलं, "मॅडम, सांगायचं होतंत!"

"ती गोष्ट माझी नाही, काका. भाभींची आहे."

"अहो, आई आहे ती!"

"म्हणून तर घरी जायचं नाही. रिक्षा थांबवा, आत्ताच उल्हासनगरला जाऊ."

भाभी त्यांचं इथलं दुकान उघडत होत्या. मॅडमनी सरळ विचारलं, "तुम्ही सांगितलेलं त्या आईला सांगू का?"

"माँ उधर रो रही होगी और तू परमिशन माँगती है? पागल है क्या?" भाभींनी तिथल्या तिथे भावाला फोन लावून झापलं, मुलाला बोलवायला सांगितलं, आणि हात पुढे केला. "माँ का नंबर दे."

"तो त्यांना विचारून देते," मॅडम म्हणाल्या.

भाभी माझ्याकडे वळल्या. "ये लड़की हमेशा ऐसी है?"

"हमेशा," मी म्हटलं.

मॅडमनी चामटोलीला फोन केला. मावशींचं "दे बाय, कोनाला बी दे" हे मला शेजारी उभं राहून ऐकू आलं.

पुढच्या खेपेला मावशींनी हकीकत सांगितली. "तोंडाला टाके पडलेत. मी बोलले, गाढवा, तुझा तोंड मी काय फोटो काढायला बगते?" मुलाचं बटण त्यांनी मधल्या बटणाला चिकटवून ठेवलं. मग भाभींचं एक पितळी. आणि मॅडम नको नको म्हणत असताना मॅडमचंही, मुलाच्या शेजारी.

तक्ता करताना मॅडम म्हणाल्या, "ही शेवटची दोन धरू नका."

"डोळ्यांदेखत ठेवलीत की!"

"माझ्यामुळे ठेवलीत. मी गेलेच नसते तर ही ओळख नसती. आपल्याला मोजायचंय ते आपण जाण्याआधीचं."

मी वाद घातला नाही. तपासताना आपल्याच हाताने वाकलेला नग आम्हीही कधी मालाच्या दोषात धरत नसू. दोन्ही बटणं मी खोडली.

मग मॅडम दुसरं टोक बघायला शारजाला गेल्या. विमानतळावर त्यांची बटणांची पिशवी उघडायला लावली म्हणे. तिथल्या अधिकाऱ्यालाही त्यांनी "पहिला फोन कोणाला?" विचारलं असेल, अशी माझी खात्री आहे. वरचं घर आता दुसऱ्यांनी घेतलंय. चिवडा उरतो.

परवा तांदूळ आणायला चामटोलीला गेलो. मॅडमकडून मागून घेतलेली ती सगळी बटणं मावशींनी टीव्हीखालच्या फळीवर तशीच मांडून ठेवली होती. मी सवयीने नजर फिरवली. एक फरक दिसला. मॅडमचं बटण पितळी होतं, ते चंदेरी झालं होतं.

"हे बदललंत?"

"ती तिकडं गेली ना? मंग पितळी कसा चालंल?"

"पण चंदेरी आणलंत कुठून?"

"भाभीनं पाठवला."

जागा मात्र बदलली नव्हती. मुलाच्या शेजारीच.

मी चष्मा पुसला आणि तक्त्यातून खोडलेली ती दोन बटणं मोजली, भाभींचं आणि मॅडमचं. दोनदा.